आधी ती गादी उचला

पत्राचा गोषवारा: वय ४३, उंची पाच फूट सात इंच, वजन १२१ किलो. दिवसभर बैठं काम. दोन वर्षांपासून रक्तदाबाची रोज एक गोळी. या वाचकांनी दीड महिन्यापूर्वी मोबाइलवर बघून २८ दिवसांचं ‘हिट’ चॅलेंज, म्हणजे हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग, सुरू केलं. रात्री सगळे झोपल्यावर, दार लावून, दिवा मंद करून २० मिनिटांचा व्हिडिओ. खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जाऊ नये म्हणून दुहेरी घडी घातलेल्या गादीवर, अनवाणी. सहाव्या-सातव्या मिनिटालाच दम संपतो आणि उरलेला व्हिडिओ ते भिंतीला टेकून नुसता बघतात. मनगटावरच्या घड्याळात ठोके १२५ च्या वर जात नाहीत. ‘२२० वजा वय’ या हिशेबाने कमाल ठोके १७७, म्हणजे जोराच्या व्यायामात ते १६० पर्यंत तरी जायला हवेत, म्हणजे आपण जोरच लावत नाही, असं ठरवून चौथ्या दिवशी त्यांनी आणखी जोर लावला. पाचव्या दिवशी उजवा गुडघा सुजला. आठवडाभर थांबून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सूज आली. जिममध्ये जायची लाज वाटते, घरात कोणालाच सांगितलेलं नाही. ते विचारतात, ‘दात-ओठ खाऊन २८ दिवस पूर्ण करू, की हा प्रकार माझ्यासाठी नाहीच? आधी वजन उतरवून मग याकडे वळू का?’

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण त्याआधी ती गादी. आजच उचलून जागेवर ठेवा. खालच्यांना त्रास नको म्हणून टाकलीत, हे कळतं. पण मऊ जागेवर पाऊल सरळ बसत नाही. टाच कुठेतरी कलते, घोटा डुगडुगतो आणि सावरायचं काम गुडघ्याच्या माथी येतं. १२१ किलोचं शरीर हवेतून खाली येतंय, तेही अनवाणी, अर्धवट उजेडात, मिनिटाला वीस-पंचवीस वेळा. गुडघा सुजला याचं मला नवल नाही. घोटा मुरगळला नाही याचं आहे.

गुडघ्याबद्दल एवढंच सांगते की दोनदा सुजलेला सांधा एकदा दाखवून घ्या. स्नायू दुखणं वेगळं आणि सांधा फुगणं वेगळं. सूज आली, ओसरली, पुन्हा त्याच कारणाने आली, म्हणजे आत काहीतरी चिडलेलं आहे. ते काय आहे हे पत्र वाचून कोणी सांगू नये, मीही सांगत नाही. सूज पूर्ण उतरेपर्यंत उड्या बंद.

आता घड्याळ. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मला खरी धास्ती वाटली ते हेच, ‘ठोके वाढत नाहीत म्हणून आणखी जोर लावला.’ तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता असं लिहिलंय, पण गोळीचं नाव लिहिलेलं नाही. पाकिटावर बघा. औषधाच्या मूळ नावाच्या शेवटी ‘लोल’ असेल, म्हणजे मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल यांपैकी काही, तर ती बीटा ब्लॉकर गटातली गोळी आहे. तिचं एक कामच हृदयाचे ठोके आवरून धरणं हे आहे. अशी गोळी घेणारा माणूस जीव तोडून धावला तरी त्याचा आकडा इतरांइतका चढत नाही. शरीर केव्हाच टोकाला पोचलेलं असतं आणि घड्याळ सांगत असतं, अजून बरंच बाकी आहे! गोळी दुसऱ्या गटातली असली तरी ‘२२० वजा वय’ हा १९७० च्या सुमाराचा ढोबळ ठोकताळा आहे. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत त्याने दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय हात हलत असताना, घाम आलेला असताना मनगटावरचं घड्याळ चुकतं, ते वेगळंच. आणि हे वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. ठोके कमी दिसतात ही गोळीची चूक नव्हे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं ‘व्यायाम करू का?’ असं विचारू नका. त्यावर ‘करा की!’ हेच उत्तर मिळेल, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सकाळचं फिरणं असेल. स्पष्ट सांगा, ‘अर्धा-एक मिनिट धाप लागेपर्यंत जोर आणि मग विश्रांती, असा व्यायाम करायचाय. माझा रक्तदाब त्यासाठी पुरेसा आटोक्यात आहे का? ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्ट करायला हवी का?’ रात्री मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर तेही आवर्जून सांगा. जास्त वजनात झोपेतला श्वासरोध बराच आढळतो आणि तो रक्तदाबही चढवतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या वाचकांनी व्यायामाची वेळ आणि डोस यांचा मेळ आधी विचारून घ्यावा, कारण व्यायामानंतर साखर एकदम उतरू शकते, कधीकधी कित्येक तासांनीही.

हे झालं म्हणजे मूळ प्रश्न. तुम्ही सहा मिनिटांत संपता आणि स्वतःला नापास ठरवता. पण पेपर कोणाचा होता?

व्हिडिओतला तो हसरा तरुण ६५ किलोचा आहे असं धरू. तुमच्या दोघांत ५६ किलोंचा फरक. तेवढ्या वजनाचं पोतं त्याच्या पाठीवर बांधा आणि मग त्याला म्हणा, मार उड्या. तो किती मिनिटं हसरा राहतो ते बघायला मला फार आवडेल. सपाट जमिनीवर नुसतं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त, उडी मारून टेकताना आणखी. तुमच्या बाबतीत साधं पाऊल म्हणजेच तीनशे किलोंच्या आसपासचा मामला. तुमचं हृदय आणि मांड्या तो बोजा रोज वाहतात. सहा मिनिटं तुम्ही त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त काम केलंत, म्हणून दमलात. आळस तर मला पत्रात कुठेच दिसला नाही. आळशी माणूस रात्री अकराला गादी घडी घालत बसत नाही.

तुमच्या व्हिडिओत बर्पी असणारच. तिची गोष्ट ऐका. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती पटकन तपासायला ही हालचाल बसवली. उकिडवं बसायचं, हात टेकून पाय मागे टाकायचे, पाय परत घ्यायचे, उभं राहायचं. झालं. मधे पुश-अप नाही, शेवटी उडी नाही. आणि अशा फक्त चार करायच्या, आधीचे आणि नंतरचे ठोके मोजायचे. ती चाचणी होती. एका दमात पन्नास हा पराक्रम नंतरच्या लोकांनी जोडला.

ताबाताचंही तसंच. इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास हा या सगळ्या चॅलेंजवाल्यांचा मूळपुरुष. २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, सात-आठ फेऱ्या. ही पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची. ज्यांच्यावर प्रयोग झाला ते शारीरिक शिक्षणाचे तरुण, तयारीचे विद्यार्थी होते. पण मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. ते सगळे एका जागी रोवलेल्या सायकलवर बसलेले होते. एकानेही उडी मारलेली नाही.

दुसरं टोक बघा. नॉर्वेत उलरिक विस्लॉफ यांच्या गटाने २००७ मध्ये, हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदय दुबळं झालेल्या २७ रुग्णांवर प्रयोग केला. सरासरी वय पंचाहत्तरच्या घरात. त्यांतल्या एका गटाने चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, अशा चार फेऱ्या केल्या, ट्रेडमिलला चढ देऊन, चालत. एका संथ चालीने चालणाऱ्या गटापेक्षा त्यांची क्षमता कितीतरी जास्त वाढली. प्रयोग छोटा होता, देखरेखीखाली होता, तो घरी उतरवण्यासाठी मी सांगत नाही. पण तीव्रता म्हणजे उड्या, हे समीकरण कुठून आलं ते मला कळत नाही. बहुधा कॅमेऱ्यातून. चढावर चालणारा माणूस बघायला कंटाळवाणा दिसतो.

तेव्हा ‘हे माझ्यासाठी नाहीच’ हे खरं नाही आणि ‘रेटून २८ दिवस पूर्ण करतो’ हेही चालणार नाही. ‘आधी वजन उतरवतो, मग व्यायाम’ हा तुमचा तिसरा पर्याय वरवर शहाणपणाचा वाटतो, पण ताकद न कमावता नुसतं वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही बरेच जातात. नेमके ज्यांच्या जोरावर गुडघा उभा राहतो तेच. थांबू नका. व्यायाम बदला.

पहिले दोन-तीन आठवडे धाप लागेल असा जोर अजिबात नाही. बूट घालून, कडक जमिनीवर. आणि एक खुर्ची. हात नसलेली, न डुगडुगणारी, पाठ भिंतीला टेकवलेली. पुढच्या कडेशी सरकून बसा. पावलं खांद्याइतकी लांब, टाचा किंचित मागे घेतलेल्या. आता नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. खाली बसताना मनात एक-दोन-तीन मोजत बसा. शेवटच्या चार बोटांत धपकन सोडून द्यायचा मोह होतो, खरी मेहनत तिथेच आहे. उठताना गुडघे आत एकमेकांकडे वळतायत का, हे आरशात किंवा मोबाइल समोर लावून बघा. वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतील असे बाहेर ढकला. जड जात असेल तर मांड्यांवर हात टेकून उठा, किंवा उंच खुर्ची घ्या. सूज उतरल्यावरही बसताना गुडघा टोचत असेल तर बैठक आणखी उंच करा. आठ वेळा उठा-बसा, मिनिटभर थांबा, पुन्हा आठ. जोडीला भिंतीवरचे पुश-अप. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे टेकायचे आणि छाती भिंतीकडे न्यायची. हे आठवड्यातून तीनदा, मधल्या दिवशी चालणं.

तुमच्या वजनाला खुर्चीवरून दहा-बारा वेळा भरभर उठणं म्हणजेच हिट आहे. विश्वास बसत नसेल तर गुडघा बरा झाल्यावर करून बघा.

डॉक्टरांनी हो म्हटलं आणि गुडघा शांत राहिला, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जोराच्या फेऱ्या सुरू करा, आठवड्यातून दोनदाच, मधे किमान एक-दोन दिवस सोडून. पाच मिनिटं जागच्या जागी चालून अंग गरम करायचं. मग २० ते ३० सेकंद जोर. त्यात खुर्चीवरून भरभर उठणं चालेल, हात जोरात झुलवत जागच्या जागी चालणं चालेल, उभ्याने हवेत ठोसे मारणं चालेल. या ठोशांना लोक हसतात, पण पाऊल न उचलता धाप लावणारा इतका चांगला प्रकार मला दुसरा माहीत नाही. गुडघा फारच कुरकुरत असेल त्या दिवशी बसूनही मारता येतात. जोरानंतर सावकाश चालत विश्रांती. ती मात्र घड्याळाने मोजू नका, वाक्याने मोजा. एक अख्खं वाक्य न अडखळता, मधे श्वास न घेता बोलता आलं की पुढची फेरी. त्याला ६० सेकंद लागोत की दोन मिनिटं. अशा पाच फेऱ्या पुरे. पाच मिनिटं चालत थंड व्हायचं, एकदम खाली बसायचं नाही, चक्कर येते.

जोर किती? शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे जीव जातोय, अशी पट्टी मनाशी धरा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायला अशाच पट्ट्या बनवल्या आणि गोळ्यांमुळे ठोक्यांचा भरवसा नसतो तिथे त्या विशेष कामाला येतात. तुमची पातळी सात, फार तर आठ. एखाद-दुसरा शब्द बोलता येईल, गप्पा मारता येणार नाहीत. दहाला जायचं नाही. शेवटची फेरी पहिलीइतकीच नीट होत नसेल तर तिच्या आधीचीच शेवटची होती असं समजा.

वाढवायचं तर आधी फेऱ्या वाढवा, पाचाच्या आठ. मग जोराचे सेकंद. विश्रांती सर्वांत शेवटी कमी करा. उड्या या यादीत नाहीत, मी विसरलेली नाहीये.

चालण्याच्या दिवशीही बदल हवा असेल तर जपानच्या शिन्शू विद्यापीठातली पद्धत बघा. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच जोड्या, आठवड्यातून चार दिवस. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात साठीच्या आसपासच्या माणसांनी हे पाच महिने केलं. एकाच चालीने चालणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मांड्यांची ताकद जास्त वाढली, रक्तदाब जास्त उतरला. खालच्या मजल्यावर काही ऐकूही जात नाही.

व्हिडिओतले जमिनीवरचे प्रकार तूर्त सोडा. अडचण प्लँकची, म्हणजे हात आणि चवडे टेकून शरीर फळीसारखं सरळ धरण्याची नसते, जमिनीवर जाण्याची आणि उठण्याची असते. ते दहा सेकंदात होतं असं व्हिडिओवाल्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि आपण उठेपर्यंत ते तिसऱ्या प्रकारावर पोचलेले असतात. प्लँक भक्कम टेबलाच्या कडेवर हात टेकून होतो. तेव्हा श्वास मात्र कोंडू नका. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणी झपकन चढतो. मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणी पत्रात लिहीत नाही पण जिच्यापायी कित्येक जण व्यायाम सोडतात. मांड्या घासणं. आतल्या बाजूची कातडी सोलवटते, दुसऱ्या दिवशी चालवत नाही आणि माणूस काहीतरी वेगळंच कारण सांगून थांबतो. गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी आत घाला, घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावा, घामाने भिजलेले कपडे लगेच बदला. छाती जड असलेल्या बायकांनी चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा आधी घ्यावी, बाकीचं साहित्य नंतर. पंखा समोर ठेवा, मोठ्या शरीरातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो.

मांड्या, पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकल्या तर ते ठीक, तीन-चार दिवसांत उतरतं. सांध्यात टोचलं, सूज आली, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना लंगडायला झालं, तर मागच्या वेळचं माप जास्त झालं. पण छातीत दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, अंधारी येणं, थांबल्यावरही न उतरणारी धाप, ठोके वेडेवाकडे पडणं, यांतलं काहीही झालं तर ‘जरा बसून बघतो’ नाही. तिथल्या तिथे थांबायचं आणि लगेच वैद्यकीय मदत बोलवायची. आणि सवय नसताना एकदम भरमसाट व्यायाम केल्यावर स्नायू विलक्षण दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर चाल करत असू शकतात.

वजनाचा हिशेब थोडक्यात, कारण तो आवडणार नाही. अशा एका सत्रात ढोबळमानाने दोनशे-अडीचशे कॅलरी जातात. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७७०० कॅलरी. म्हणजे तीस ते चाळीस सत्रं, तीही जेवणात काहीच भर न घालता. व्यायामानंतर तासन्‌तास चरबी जळत राहते म्हणतात, ते प्रमाण किरकोळ असतं. २८ दिवसांचे आधीचे-नंतरचे फोटो हा मुख्यतः उजेडाचा आणि पोट आत घेण्याचा खेळ आहे. वजन उतरवायचं तर त्याचा मोठा भाग ताटावर ठरतो, आणि काहींना औषधांचीही मदत लागते. तो वेगळ्या पत्राचा विषय. पण दम वाढतो, रक्तदाब सुधारतो, झोप सुधारते, साखर सावरते, आणि हे काटा हलायची वाट बघत नाही. थोडं वजन उतरलं तरी गुडघ्याला ते बरंच जाणवतं. गुडघेदुखी असलेल्या स्थूल ज्येष्ठांवरच्या २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात, उतरलेल्या दर किलोमागे प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी झालेला दिसला.

म्हणून काट्याऐवजी एक आकडा भिंतीवर लिहा. ३० सेकंदांत खुर्चीवरून हात न वापरता किती वेळा उठता येतं. दर पंधरा दिवसांनी एकदा, तेवढंच.

राहिलं ते बंद दार. जिममध्ये जावंच लागेल असं नाही, लाज वाटते म्हणून घरी करता यात काही गैर नाही. पण रक्तदाब असलेला माणूस मध्यरात्री, दार लावून, कोणालाही न सांगता धाप लागेपर्यंत व्यायाम करतो हे मला पटत नाही. चक्कर येऊन पडलात तर सकाळी कळेल. निदान एका माणसाला सांगा. पत्नी हसेल अशी भीती पत्रात दोनदा आलीय. असेलही. पण तुम्ही दीड महिना रात्री कुठे असता, गादीला घामाचा वास का येतो, हे तिला अजून कळलेलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? सांगताना ‘मी बारीक होणार आहे’ असं नका सांगू, त्यावर घरोघरी मतं असतात. ‘मी समोर उठाबशा काढतो, तू ३० सेकंद मोज’ असं सांगा. काम दिलं की माणसं कमी हसतात.

वेळही बदला. संध्याकाळी करा, जेवणाआधी. रात्री उशिरा दम लागेपर्यंत केलं की झोप उडू शकते, आणि तुम्हाला झोपेची गरज व्यायामाइतकीच आहे.

दीड-दोन महिन्यांनी पुन्हा लिहा. वजन नाही कळवलंत तरी चालेल. खुर्चीचा आकडा कळवा, आणि या वेळी गोळीचं नाव लिहायला विसरू नका.